भाचीच्या डोळ्यात पांढरं दिसतंय, पडद्याचं ऑपरेशन ठरलंय. आधी आत गाठ नाही ना हे बघायला लागतं काय?

खानापूर_मामा

नमस्कार मंडळी. आमी खानापूर तालुक्यातले. बहीण नंदगडकडं दिल्याय, तिची पोरगी सव्वादोन वर्षांची. गणपतीत सगळ्या पोरांचे फोटो काढले मोबाईलवर फ्लॅश टाकून, त्यात बाकीच्यांचे डोळे लाल आलेत आणि हिचा उजवा डोळा एकटाच पांढरा, मांजराच्या डोळ्यासारखा चमकलेला. तेव्हा कुणी मनावर घेतलं नाही. तसा तो डोळा आधीपासनंच जरा तिरळा होता पण घरातली म्हातारी माणसं म्हणायची तिरळं पोर नशीबवान असतंय, मोठी झाली की जाईल. मग मध्यंतरी ती कट्ट्यावरनं पडली, त्यानंतर डोळा लाल झाला, उजेडात मिटून घ्यायला लागली, म्हणून डोळ्याच्या दवाखान्यात नेली. तिथं डॉक्टरांनी टॉर्चनं आणि लेन्सनं बघितलं, पोरगी इतकी रडायली की नीट बघूच देईना, आणि सांगितलं की पडल्यामुळं आत रक्त उतरलंय, पडदा पण सुटलेला दिसतोय, विट्रेक्टॉमी करून रक्त साफ करूया आणि पडदा बसवूया. पुढच्या गुरुवारची तारीख दिल्याय.

आमच्या शेजारी एक सिस्टर राहतात, त्या म्हणाल्या लहान पोरांच्या डोळ्यात पांढरं दिसलं की आधी कॅन्सरची गाठ नाही ना ते बघतेत, आणि गाठ असताना डोळा उघडला तर ती बाहेर पसरते. हे ऐकल्यापासनं बहिणीच्या घशाखाली घास उतरेना झालाय. भावजी म्हणतेत डॉक्टर एवढे शिकलेले, त्यांना कळत नाही काय, लांबवलं तर डोळा जाईल. सासूबाई म्हणतेत दसरा होऊ दे मग बघू. सोनोग्राफी वगैरे काही केलेलं नाही, फक्त भुलीसाठी रक्त तपासलंय. ऑपरेशन थांबवा म्हणालो तर डॉक्टरांवर अविश्वास दाखवल्यासारखं होईल काय? कुणाला ह्यातलं खरं माहीत असेल तर सांगा, उपकार होतील.

ऑप्टो_टिळकवाडी

मामा, सिस्टरनी बरोबर सांगितलंय आणि वेळेवर सांगितलंय. मी ऑप्टोमेट्रिस्ट, म्हणजे डोळे तपासणारी आहे, लहान मुलांच्या तपासणीत बरीच वर्षं काम करते. पोरगी न बघता निदान मी करणार नाही, पण सव्वादोन वर्षांचं मूल, पांढरी बाहुली, तिरळेपणा आणि आता आत रक्त, एवढं एकत्र आलं की पहिलं नाव रेटिनोब्लास्टोमाचं घ्यायचं आणि ते नाही असं पक्कं होईपर्यंत त्या डोळ्यात सुईसुद्धा घालायची नाही.

हा पडद्याच्या पेशींपासून होणारा कॅन्सर. साधारण १५ ते २० हजार जन्मांमागे एका मुलाला होतो, आणि बहुतेक सगळ्या केसेस पाच वर्षांच्या आतल्या. डोळ्याच्या आत आहे तोवर सापडला तर मूल वाचतं, प्रगत देशांत वाचण्याचं प्रमाण ९५ टक्क्यांच्या वर आहे. आपल्याकडं जी मुलं जातात ती बहुतेक करून रोग डोळ्याबाहेर पडल्यावर दवाखान्यात पोचलेली असतात. म्हणजे सगळा खेळ डोळ्याच्या आत की बाहेर ह्यावर आहे, आणि ऑपरेशन नेमकी तीच भिंत फोडतं.

विट्रेक्टॉमीत काय करतात ते नीट समजून घ्या. बुबुळाच्या बाजूला पांढऱ्या भागात तीन बारीक छिद्रं पाडतात, अर्ध्या मिलिमीटरच्या आसपासची. एकातनं आत पाणी सोडत राहतात, एकातनं लाईट आणि एकातनं कापून ओढून घेणारं कटर. ह्या गाठीच्या पेशी एकमेकांना घट्ट धरून नसतात, आतल्या जेलमध्ये सुट्ट्या तरंगत असतात. कटर फिरलं की त्या आणखी मोकळ्या होतात, आणि आतल्या प्रेशरमुळं पाणी त्या छिद्रांतनं बाहेर येतं त्याबरोबर त्याही वरच्या पातळ आवरणाखाली आणि डोळ्याच्या खोबणीत येऊन बसतात. डोळ्याच्या आत लसिकावाहिन्या नाहीत म्हणून एरवी गाठ कानाच्या पुढच्या आणि मानेच्या गाठींत सहसा जात नाही, पण बाहेरच्या आवरणात आहेत, तिथं पोचली की रस्ता मोकळा. मोतीबिंदू समजून लेन्स काढली, काचबिंदू समजून प्रेशरचं ऑपरेशन केलं, इन्फेक्शन समजून आतलं पाणी सुईनं काढलं, सगळ्याचं तेच.

आता पडण्याबद्दल. दोन वर्षांचं पोर रोजच कुठं ना कुठं पडतंय. डोळा लाल झाला की घरच्यांना शेवटचं पडणं आठवतं, ते डॉक्टरांना सांगितलं जातं, आणि तपासणी त्याच दिशेनं जाते. पण ह्या गाठीतनं स्वतःहूनच रक्त येऊ शकतं, बुबुळावर नव्या रक्तवाहिन्या येतात, प्रेशर वाढतं, डोळा लाल होतो, कधी पापणी इतकी सुजते की सगळ्यांना इन्फेक्शनच वाटतं आणि अँटिबायोटिक स्टेरॉईडनं चार दिवस सूज उतरते पण. तुमच्याकडं तर गणपतीतला फोटो आहे ना, पडायच्या आधीचा. तो फोटो डॉक्टरांना दाखवलाय काय? नसेल तर आजच पाठवा, तारखेसकट. पांढरं आधीच होतं म्हटल्यावर पडल्यामुळं झालं हे म्हणणं टिकत नाही.

करायचं ते असं. बी-स्कॅन, म्हणजे डोळ्याची सोनोग्राफी, पापणी मिटून वर जेल लावून करतात, दुखत नाही, काही मिनिटांचं काम. आत रक्त असलं तरी त्यात गाठ दिसते, आणि ह्या गाठीत चुना साठलेला असतो तो चकाकतो आणि मागं सावली पडते. मग भूल देऊन बाहुली मोठी करून दोन्ही, परत सांगते, दोन्ही डोळे नीट बघायचे. चांगला दिसणारा डोळा बघायचा राहिला असं होऊ देऊ नका, कारण साधारण तीनातल्या एका मुलात रोग दोन्हीकडं असतो. तरी शंका राहिली तर एमआरआय, त्यात डोळ्यामागची नस आणि मेंदू पण कळतो. सिटी स्कॅन शक्यतो टाळतात कारण ज्या मुलांना हा आजार जन्मजात जीनमधनं आलेला असतो त्यांना रेडिएशननं पुढं दुसरे कॅन्सर व्हायचा धोका वाढतो.

अविश्वासाचं मनात आणू नका. सरळ विचारा, सर, ऑपरेशनच्या आधी बी-स्कॅन करून आत गाठ नाही असं पेपरवर लिहून द्याल काय? चांगला डॉक्टर ह्या प्रश्नानं रागावणार नाही.

वडगाव_बेळगाव

माफ करा पण इथं प्रत्येक गोष्टीला कॅन्सर म्हणून घाबरवायची सवय लागल्याय लोकांना. माझ्या चुलतभावाच्या मुलाला पण डोळ्यात पांढरं होतं, जन्मतःच मोतीबिंदू निघाला, दोन महिन्यांच्या आत ऑपरेशन केलं आणि आज तो चष्मा लावून चौथीत जातोय. त्याच्या घरच्यांनी असं इथं विचारत बसून वेळ घालवला असता तर नजर कायमची गेली असती. आधीच सासूबाई दसऱ्यापर्यंत थांबा म्हणायल्यात, त्यात तुमी अजून एक कारण द्यायलाय. पांढरं म्हणजे मोतीबिंदू पण असतो, पडदा सुटलेला असतो, कमी दिवसांच्या बाळाचा पडदा खराब असतो. डॉक्टरांनी बघितलंय, त्यांनी सांगितलेलं करा.

ऑप्टो_टिळकवाडी

तुमचं अर्धं बरोबर आहे आणि ते मी मनापासून मान्य करते. जन्मजात दाट मोतीबिंदूत उशीर खरंच नडतो, एका डोळ्यात असेल तर पहिल्या सहा आठवड्यांच्या आसपास करायला बघतात. पांढऱ्या बाहुलीची इतरही कारणं आहेत, कोट्स नावाचा आजार आहे तो जास्त करून मुलग्यांत आणि एकाच डोळ्यात, त्यात चमक पिवळसर असते. गर्भातली रक्तवाहिनी न विरघळता राहिली तर पीएफव्ही म्हणतात, त्यात डोळा बहुतेक लहान असतो आणि जन्मापासनं तसाच असतो. ह्यातलं काही असू दे अशीच माझी इच्छा आहे.

पण मी थांबा म्हणालेले नाही. दसऱ्यापर्यंत तर अजिबात नाही. बी-स्कॅन उद्या होतो, गुरुवारच्या आधी होतो. मोतीबिंदूच्या पोराला सुद्धा मागचं दिसत नसेल तर ऑपरेशनच्या आधी बी-स्कॅन करायचाच असतो, तुमच्या चुलतभावाच्या मुलाचाही झालाच असेल, फाईल काढून बघा. आणि रेटिनोब्लास्टोमात लेन्स बहुतेक स्वच्छ असते, पांढरं तिच्या मागं असतं. टॉर्चनं रडणाऱ्या पोरीत हा फरक कळणं अवघड आहे, कुणालाही.

निपाणी_आई

मला लिहायचं नव्हतं पण ऑपरेशन गुरुवारी आहे म्हटल्यावर राहवेना.

माझ्या मुलाचं तीन वर्षांचा असताना झालं. डोळा सुजला, पापणी उघडेना, ताप नाही पण लाल भडक. एका दवाखान्यात (नाव घेत नाही, भांडायला आलेली नाही) आत पू झालाय म्हणाले, औषधं दिली, सूज कमी झाली परत आली. मग म्हणाले डोळ्याची नजर गेलेलीच आहे, दुखायलंय, आतलं सगळं काढून टाकूया, वरचं कवच तसंच ठेवूया म्हणजे नकली डोळा छान बसतो. आम्ही हो म्हणालो. त्याच्या आधी बी-स्कॅन नाही, काही नाही. आतलं काढलेलं तपासायला पाठवलं हे एक मात्र त्यांनी बरं केलं. रिपोर्ट आला त्यात रेटिनोब्लास्टोमा.

तोपर्यंत टाके पण निघाले होते. हे सगळ्यांनी ऐका, आतलं काढणं आणि पूर्ण डोळा काढणं ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. गाठ असली की पूर्ण डोळा, न फोडता, मागच्या नसेचा जमेल तेवढा लांब तुकडा घेऊन काढतात. म्हणजे पाकीट बंदच्या बंद बाहेर येतं. आतलं खरवडून काढलं की पेशी त्या खोबणीतच सांडतात, आणि नसेत कुठवर गेलंय ते कळायला नसेचा तुकडाच हातात नसतो. हे मला हैदराबादच्या डॉक्टरांनी कागदावर चित्र काढून समजावलं, तो कागद अजून फाईलीत आहे.

मग त्याचं परत ऑपरेशन झालं, राहिलेलं कवच आणि नस काढली, कमरेतनं पाणी काढून तपासलं, हाडातला मगज तपासला, किमो झाली, खोबणीला रेडिएशन दिलं. वेळेत पूर्ण डोळा निघाला असता तर ह्यातलं बरंचसं लागलं नसतं कदाचित. रेडिएशनमुळं त्या बाजूचं हाड कमी वाढलंय, कानशील जरा आत गेल्यासारखं दिसतं. पण पोरगा आहे, शाळेत जातोय, क्रिकेट खेळतोय. नकली डोळा तो स्वतः काढून साबणानं धुऊन परत बसवतो, मला हात लावू देत नाही.

खानापूरच्या दादा, एक काम सगळ्यात आधी करा. बहिणीला जेवायला घाला, पुढं धावपळ तिलाच करायची आहे. आणि प्रत्येक कागद, प्रत्येक फिल्म जपून ठेवा. ऑपरेशन झालेलंच असेल कुणाचं तर ऑपरेशन नोट्स आणि तपासलेल्या तुकड्याचा मेणाचा ब्लॉक आणि काचेच्या स्लाईड मागून घ्या, नुसता रिपोर्ट पुरत नाही. मोठ्या दवाखान्यात परत बघतात. मी ब्लॉकसाठी दोनदा हेलपाटा घातला, कारण कुणी आधी सांगितलंच नाही की असं काही मागायचं असतं. छोटीशी प्लास्टिकची पट्टी असते, त्यावर नंबर, त्यात मेण. उन्हात गाडीत ठेवू नका.

खानापूर_मामा

ताई तुमचं वाचून हात थरथरायलेत, पण बरं झालं लिहिलात. फोटो पाठवला डॉक्टरांना आत्ताच. बहिणीला पण वाचून दाखवलं, आधी रडली मग म्हणाली उद्या सकाळीच जाऊया.

मला दोन शंका आहेत. एक म्हणजे भावजींनी नेटवर बघितलं की ह्याच आजारात मोठ्या दवाखान्यात डोळ्यात सुई घालून किमोचं इंजेक्शन देतेत. मग सुई वाईट कशी? आणि दुसरं, शंका असेल तर सुईनं थोडा तुकडा काढून तपासला म्हणजे पक्कं कळेल की, बाकी कॅन्सरला करतेत तसं?

नेत्र_पीजी

डोळ्यांच्या डॉक्टरकीचं पीजी करतोय, हुबळीकडं. ड्युटी संपवून लिहितोय म्हणून जरा विस्कळीत असेल.

दुसऱ्याचं आधी. नाही. बाकी बहुतेक कॅन्सरमध्ये तुकडा तपासल्याशिवाय उपचार सुरू करत नाहीत, इथं उलट आहे. रेटिनोब्लास्टोमाचं निदान बघून, बी-स्कॅन आणि एमआरआयवर करतात आणि तुकडा मुद्दाम घेत नाहीत, कारण सुईच्या वाटेनं पेशी बाहेर येतात. कुणी ह्या वयाच्या पोराला सुईनं तपासूया म्हणालं तर तिथंच थांबा आणि ऑक्युलर ऑन्कोलॉजिस्टला, म्हणजे डोळ्याच्या कॅन्सरच्या डॉक्टरांना दाखवा, अगदी विरळ वेळा तो निर्णय घ्यायचाच झाला तर तो त्यांनीच घ्यायचा.

आता पहिला, चांगला प्रश्न आहे. मेल्फॅलान ह्या किमोच्या औषधाचं इंजेक्शन देतात ते खरं, पण ते गाठ आहे हे माहीत असून देतात. आधी पूर्ण तपासून जिथं गाठ आणि तरंगत्या पेशी नाहीत अशी जागा निवडतात, पुढचं थोडं पाणी काढून प्रेशर कमी करतात म्हणजे औषध गेल्यावर आतलं उसळून बाहेर येत नाही, अगदी बारीक सुई वापरतात, आणि सुई बाहेर काढताना ती जागा क्रायोनं गोठवतात म्हणजे वाटेत आलेली पेशी तिथंच मरते. शिवाय आत जाणारं औषधच पेशी मारणारं आहे. तरी सगळ्यांना देत नाहीत. ऑपरेशनमध्ये माहीतच नसताना तीन भोकं पाडून अर्धा पाऊण तास पाणी फिरवणं वेगळं. फरक सुईचा नाही, आत काय आहे ते माहीत असण्याचा आहे.

एक गोष्ट वर कुणी लिहिली नाही ती लिहितो कारण फसवते. डिफ्यूज प्रकार असतो, त्यात गाठ उभी राहत नाही, पडद्यावर पसरते, चुना नसतो, त्यामुळं बी-स्कॅन साधा येऊ शकतो. ही मुलं जरा मोठी असतात, पाच सहा वर्षांच्या पुढची, आणि डोळ्याच्या पुढच्या भागात पांढरा थर साचल्यासारखा दिसतो म्हणून महिनोन् महिने सूज म्हणून थेंब चालू राहतात. तर मोठ्या मुलातल्या न बऱ्या होणाऱ्या "सुजेचं" आतलं पाणी काढायच्या आधी पण हा विचार व्हायला पाहिजे. तुमच्या भाचीचं वय आणि चित्र बघता तसं वाटत नाही, पण कुणी दुसरं वाचत असेल म्हणून.

आणि ज्यांचं ऑपरेशन होऊन गेलंय आणि नंतर कळलं, त्यांनी संपलं म्हणून घरी बसू नये, हे निपाणीच्या ताईंनी जगून दाखवलंय. त्यात दिवस मोजायचे असतात, महिने नाही. डोळा, छिद्रांच्या जागेच्या वरच्या आवरणासकट, लवकर काढायचा, लगेच किमो, तपासणीत बाहेर काही सापडलं तर रेडिएशन, आणि मग जवळजवळची फॉलोअप. किमोत व्हिन्क्रिस्टिन, इटोपोसाईड, कार्बोप्लॅटिन ही तीन औषधं असतात बहुतेक. कानापुढं, मानेत गाठ लागते काय हे आईनं अंघोळ घालताना चाचपत राहावं.

आंधळा, दुखरा, आक्रसलेला डोळा लहान पोराचा असेल आणि आत काय आहे ते कुठल्याच तपासणीत पक्कं होत नसेल, तर आतलं काढायचं नाही, पूर्ण डोळाच काढायचा आणि तपासायला पाठवायचाच. आम्हाला हे पहिल्या वर्षी शिकवतात. तरी गर्दीत, रडणाऱ्या पोरात, पडल्याची हिस्टरी कानावर पडल्यावर निसटतं, मी डोळ्यानं बघितलंय. म्हणून आईबापांनी विचारलंच पाहिजे.

येळ्ळूरकर

वैद्यकीय सगळं वरच्यांनी सांगितलंय, मी कागदाचं सांगतो कारण तिथं लोकांचा जीव मेटाकुटीला येतोय.

बीपीएल कार्ड असेल तर आयुष्मान भारत आरोग्य कर्नाटक योजनेत वर्षाला कुटुंबाला पाच लाखांपर्यंतचा उपचार आहे. पण मोठ्या खाजगी दवाखान्यात त्यावर उपचार घ्यायला सरकारी दवाखान्याचं रेफरल लेटर लागतं. आपल्याकडं ते बिम्समधनं, म्हणजे जिल्हा सरकारी दवाखान्यातनं घ्या. तुमच्या खाजगी डॉक्टरांचं पत्र चालत नाही. आधार, रेशन कार्ड, पोरीचा जन्मदाखला, तिन्हीच्या झेरॉक्स जास्तीच्या काढून ठेवा. पोरीचं आधार नसेल तरी निघा, वाटेत थांबू नका.

महाराष्ट्राची महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना २०२३ मध्ये सीमाभागातल्या ८६५ गावांना लागू केल्याय, त्यात खानापूर तालुक्यातली बरीच गावं आहेत. तुमचं गाव यादीत असेल तर तिकडच्या दवाखान्यात जायच्या आधी तिथल्या आरोग्यमित्राला, म्हणजे योजनेच्या माणसाला फोन करून विचारा की ह्या आजाराला, ह्या कागदावर चालतंय काय. तिथं जाऊन नाही म्हणालेत की पोर कडेवर घेऊन परत फिरायला लागतंय.

डोळ्याच्या कॅन्सरचे स्वतंत्र विभाग हैदराबादला एल. व्ही. प्रसादमध्ये, बेंगळूरला नारायण नेत्रालयात, चेन्नईला शंकर नेत्रालयात आहेत. मुंबईला टाटा आहे. आपल्याला बेंगळूर बरं पडतं, राणी चन्नम्मा रेल्वे संध्याकाळी बेळगावातनं निघते, सकाळी पोचवते. धर्मादाय मदत बहुतेक सगळीकडं असते, पहिल्या दिवशीच सोशल वर्करला भेटा, बिल झाल्यावर नाही.

आणि अंगणवाडीत आरबीएसकेची, म्हणजे सरकारी बालआरोग्य तपासणीची टीम येते ना पोरं तपासायला, त्यांना फोटोतल्या पांढऱ्या डोळ्याचं सांगत जा सगळ्यांनी. फुकट आहे, रेफरल पण तिथनं मिळतंय.

खानापूर_मामा

अपडेट. सकाळी गेलो होतो. डॉक्टर अजिबात रागावले नाहीत, फोटो मोठा करून दोनदा बघितला आणि स्वतःच म्हणाले हा आधी दाखवायला पाहिजे होता तुमी. बेळगावात बी-स्कॅन करून आणायला सांगितला. रिपोर्टमध्ये उजव्या डोळ्यात गाठ आणि कॅल्सिफिकेशन (तोच चुना) लिहिलंय, डाव्यात सोनोग्राफीत काही नाही. गुरुवारचं ऑपरेशन त्यांनी रद्द केलं आणि बेंगळूरला चिठ्ठी दिल्याय, तिथल्या डॉक्टरांशी आमच्यासमोरच फोनवर बोलले. बिम्सचं पत्र पण आज दुपारी मिळालं, येळ्ळूरकर तुमच्यामुळं आधीच कागद घेऊन गेलो होतो.

भावजी गप्प आहेत, पण तिकीट त्यांनीच काढलं. सासूबाई म्हणाल्या दसरा दरवर्षी येतंय, जावा. आजच्याच राणी चन्नम्मानं निघायलोय.

आता एवढंच विचारायचंय. तिथं परवा भूल देऊन बघणार आहेत, तर पोरीला उपाशी किती वेळ ठेवायचं? ती अजून आईचं दूध पण पिते, रात्री उठून मागते. आणि तिला चार महिन्यांचा भाऊ आहे, त्याला आजीकडं ठेवू की घेऊन जाऊ?

ऑप्टो_टिळकवाडी

मामा, तुमी सगळ्यांनी चांगलं केलंत, त्या डॉक्टरांनी पण.

बाळाला घेऊनच जा. हा आजार आरबी१ नावाच्या जीनमधल्या बिघाडानं होतो, साधारण ४० टक्के मुलांत तो बिघाड जन्मतःच सगळ्या शरीरात असतो आणि तो आईबापांकडनं आलेला असू शकतो. मुलीचा एकच डोळा असला तरी भावाचे डोळे बाहुली मोठी करून बघायलाच लागतात, चार महिन्यांच्या वयात सापडलं तर लेझर नाहीतर क्रायोवर पण भागू शकतं. आईबापांचेही डोळे तिथं बघतील, नाही म्हणू नका. रक्ताची जीनची तपासणी कधी करायची ते तेच सांगतील.

उपाशी ठेवायचं साधारण असं, आईचं दूध भुलीच्या चार तास आधी बंद, गाईचं म्हशीचं दूध, पावडर, बिस्कीट, भात सहा तास आधी, आणि साधं पाणी दोन तास आधीपर्यंत. पण तिथले भूलतज्ज्ञ सांगतील तीच वेळ धरा. रात्री उठून मागते म्हणताय, तर त्या रात्री तिला आईजवळ न झोपवता वडिलांजवळ झोपवा, दुधाचा वास आला की राहत नाहीत पोरं. सर्दी खोकला असेल तर लपवू नका, आधीच सांगा. डोळ्यावर दाब देऊ नका, चोळू देऊ नका, काजळ नको. आणि बी-स्कॅनचा रिपोर्ट पिशवीत वर ठेवा, बर्थखालच्या बॅगेत नको.

निपाणी_आई

दादा, बेंगळूरला पोचलात की मेसेज करा. माझी नणंद तिथंच राहते, जेवणाचा डबा घेऊन येईल, तिला सांगून ठेवलंय. नंबर पर्सनलवर पाठवते.